छत उघडं, गंज झाकलेला

मँचेस्टरला नोकरी लागल्यापासून एकच खूळ डोक्यात होतं: स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालणारा 516 मैलांचा ‘नॉर्थ कोस्ट 500’ छत उघडून फिरायचा. खिशाला परवडत होती सेकंड-हँड माझदा एमएक्स-5.

खरं तर अशा हलक्या, दोन सीटच्या उघड्या गाड्या ही ब्रिटिशांची खासियत. तेल गळायचं, वायरिंग दगा द्यायचं, तरी लोक जीव टाकायचे. 1980 मध्ये एमजीचा अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद पडला. तशी गाडी तुम्हीच बनवा, असं बॉब हॉल या अमेरिकन पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंना सुचवलं होतं. पुढे तो स्वतःच माझदात गेला. 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी आली. 1.6 लिटरचं इंजिन, वजन टनाच्या आत. 2016 पर्यंत 10 लाख बनल्या, म्हणून आज माझ्यासारख्यालाही मिळते.

पण ब्रिटिशांचा एक आजार जपान्यांनाही चुकला नाही. कापडी छतावरचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली जातं. तिथे पालापाचोळा अडकला की ते दाराखालच्या पोकळ पत्र्यात मुरतं आणि आतून गंज धरतो. बाहेर रंग चकाचक. (यूआय मस्त, बॅकएंड कुजलेलं!) तिथे गंजून भोक पडलं की वार्षिक एमओटी तपासणीत गाडी नापास.

पहिल्या गाडीचा आवाज ऐकूनच मी विरघळलो होतो. मित्राने गुडघे टेकून दाराखाली अंगठा दाबला. पत्रा आत गेला. मुकाट्याने परतलो.

दुसरीच्या छताला ठिगळ आहे, पण मालकाने वेल्डिंगची पावती जपून ठेवलीय. शनिवारी पैसे देतोय.