इंजिन आणि कानस

झाडं कापायच्या साखळी-करवतीचा इतिहास सांगताना सगळं कौतुक इंजिनाच्या वाट्याला जातं. १९२६ साली जर्मनीत आंद्रेयास श्टील यांनी विजेवरची करवत बनवली. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी डोल्मार डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून दाखवली. ती इतकी जड होती की धरायला दोन माणसं लागत.

खरी अडचण मात्र दातांची होती. जुन्या साखळीचे दात लाकूड ओरबाडत आणि लवकर बोथट होत. कामगाराचा बराच वेळ कानस मारण्यात जाई. १९४६ साली अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला बुंध्यात एक अळी दिसली. डावा-उजवा जबडा चालवत ती लाकूड सहज पोखरत होती. कॉक्सने तसेच दात पोलादात घडवले आणि १९४७ मध्ये ती साखळी बाजारात आणली. आजच्या साखळ्या त्याच घडणीतून आलेल्या आहेत.

तरीही कानस सुटलेली नाही. बोथट साखळी ढलप्यांऐवजी पीठ पाडते, इंजिन तापवते आणि माणसाला नको तेवढा जोर लावायला लावते. अपघाताची वाट तिथूनच सुरू होते. विकत घेणारा इंजिनाची ताकद विचारतो. चालवणाऱ्याचे हातपाय मात्र धारेच्या भरवशावर असतात.