बावीस नंबरची टोपी

जुन्या धाटणीच्या टोप्या जमवायचा मला नाद आहे. आमचे भाचे याला 'काकांचं टोपीपुराण' म्हणतात. म्हणोत बापडे! अमेरिकेत लोक जुन्या बेसबॉल संघांच्या टोप्या, तेच लोकरी कापड आणि तीच शिवण हुडकून मुद्दाम बनवून घेतात. आमचं काष्टी त्या मानाने साधं. दौंड–मनमाड रेल्वेमार्गावरचं श्रीगोंदा तालुक्यातलं गाव, शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. पण टोपी पाहावी तर या बाजारात. उपरण्याखाली बोटं दाबून बैलाचा सौदा चालतो, तेव्हा दोघांच्या चेहऱ्यावरचं काही कळत नाही. टोपी मात्र बरंच सांगते. कडक इस्त्रीची, पुढे टोक काढलेली, मागे सरकवलेली, घामाने पिवळी पडलेली...

आपण तिला सरसकट 'गांधी टोपी' म्हणतो. गंमत अशी, की ज्यांचं नाव तिला मिळालं त्यांनी ती जेमतेम दोनेक वर्षंच घातली. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधीजींनी पंचा नेसायचं ठरवलं आणि टोपीही उतरवली, ती कायमची. ती कशी सुचली याची हकिगत काका कालेलकरांनी लिहून ठेवली आहे. (कालेलकर मूळचे साताऱ्याचे, बरं का!) पगडी-फेट्याला कापड फार लागतं, म्हणून गांधीजींनी प्रांतोप्रांतीची शिरोभूषणं पाहिली आणि काश्मिरी टोपीचा घाट निवडला. हलकी, घडी होणारी, खादीत सहज शिवता येणारी. रंगाचा विचार झाला तेव्हा पांढरा ठरला. का? तर पांढऱ्यावर घाम आणि मळ दिसतो, म्हणून ती धुवावीच लागते.

हे वाचलं आणि मी थबकलोच. मळ लपावा म्हणून माणसं गडद रंग घेतात, इथे मळ दिसावा म्हणून पांढरा!

त्याआधी महाराष्ट्रात डोक्यावरून माणसाची जात, गाव, धंदा ओळखू यायचा. टिळकांची पगडी वेगळी, जोतीरावांचं पागोटं वेगळं, धनगराचा पटका वेगळा. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक निर्देशांकही मिळाला. या सगळ्यांच्या जागी दोन-चार तुकड्यांची टोपी आली आणि वकील, शेतकरी, हमाल एकाच टोपीत दिसू लागले. म्हणूनच ती सरकारला खुपली असावी. मे १९३० मध्ये शेजारच्या सोलापुरात लष्करी कायदा होता, तेव्हा ही टोपी घालून रस्त्यावर निघणं म्हणजे संकट ओढवून घेणं होतं. आज ज्या टोपीला आपण लग्नाच्या आहेरात टॉवेलाबरोबर मिरवतो, तिच्यासाठी माणसांनी मार खाल्लाय.

पुढे सत्ता आली आणि टोपीचे वाक्प्रचारही फिरले. 'टोपी घालणं' म्हणजे फसवणं! तरी २०११ साली आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णांमुळे ती दिल्लीत पुन्हा हजारो डोक्यांवर चढली, 'मैं अण्णा हूँ' अशी अक्षरं घेऊन. कोरी टोपी बोलत होती ते आता छापून सांगावं लागतं, एवढाच फरक.

मापाची एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे डोक्याचा घेर इंचात, तोच टोपीचा नंबर. माझा बावीस. अमेरिकन टोपीचा नंबर घेराचा नसून व्यासाचा, म्हणून तिकडे मी सात! डोकं तेच.

बाजारात तयार टोप्या ढिगाने मिळतात, बहुतेक पॉलिस्टर मिसळलेल्या. मी खादीचा तुकडा घेऊन शिंप्याकडे जातो आणि उंची जरा जास्त, टोक पुढे, आत दुहेरी पट्टी अशी सांगून शिवून घेतो. गेल्या खेपेला शिंपी म्हणाले, "काका, माप घेऊन टोपी शिवणारं गिऱ्हाईक आता तुम्हीच. पोरगं काही हे शिकायचं नाही." मग सुई दातात धरून म्हणाले, "पण तुम्ही त्या घालता का नुसत्या ठेवता?"

प्रश्न बरोबर होता. पेटीत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलेली टोपी कधी मळत नाही आणि म्हणून कधी धुतलीही जात नाही. ज्या कारणासाठी तिला पांढरा रंग दिला, तेच संपतं. संग्रहातल्या सगळ्यात जुन्या टोप्या मी ठेवीन. पण नव्या शिवलेल्यांतली एक रोज डोक्यावर चढते आणि रात्री बादलीत भिजते. घरच्यांनी हसायचं ते हसून घेतलंय.

तुमच्या आजोबांची टोपी घरात कुठे असेल तर तिच्या आतली पट्टी जरूर बघा. घामाचा डाग असेल, तर घासून काढू नका. आणि माप किती निघालं, तेवढं मला कळवा.