पर्वताची नावं आणि नामदेवांची पायरी



भाविक वाचकहो, गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगतात. पंचविसाव्या श्लोकात ते म्हणतात, यज्ञांमध्ये जपयज्ञ मी आणि स्थावरांमध्ये हिमालय मी. एकाच श्लोकात ही जोडी का बरं आली असेल? एकीकडे नाम, म्हणजे ज्याला वजन नाही, आकार नाही, जे जिभेवर येतं आणि हवेत विरतं. दुसरीकडे हिमालय, म्हणजे हलत नाही, ढळत नाही असा डोंगर. देवानं दोघांना एका ओळीत बसवलं. म्हणून आज नामाचंच निरूपण करू, पण हिमालयावरच्या नामांचं. सगळ्यांत उंच जे शिखर, ज्याला आपण एव्हरेस्ट म्हणतो, त्याच्या अंगाखांद्यावर कोणाकोणाची नावं आहेत, ती कशी पडली आणि कोणाची पडलीच नाहीत, हे पाहू.

सुरुवात आपल्या मातीतून करतो. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट आहे. तिथे विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. या माणसानं १८०२ साली मद्रासेत जमीन मोजायला सुरुवात केली. त्रिकोणाला त्रिकोण जोडत हिंदुस्थान दक्षिणेकडून उत्तरेकडे मोजत न्यायचा, असं ते काम. कोन मोजायचं यंत्र अर्ध्या टनाचं, ते माणसांनी खांद्यावर वाहायचं. असं वीस वर्षं चाललं आणि १८२३ साली हिंगणघाटला त्याचा देह पडला. त्याच्या मागून जो प्रमुख झाला त्याचं नाव जॉर्ज एव्हरेस्ट. तो १८४३ ला निवृत्त होऊन विलायतेला गेला. त्याच्या जागी अँड्र्यू वॉ आला.

आता गंमत बघा. शिखराची मापं घेतली गेली ती वॉच्या काळात. नेपाळात शिरायची परवानगी नव्हती, म्हणून तराईच्या दलदलीत उभं राहून, शंभराहून अधिक मैलांवरून दुर्बिणीनं कोन घेतले. तराईच्या तापानं कितीतरी माणसं गेली. शिखराला तेव्हा नाव नव्हतं, नुसता आकडा होता, पंधरावं शिखर. ते आकडे गणितात बसवायचं काम मुख्यतः एका बंगाली माणसाकडे होतं. राधानाथ सिकदार. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजचा विद्यार्थी, १८३१ साली मोजणी खात्यात लागला आणि पुढे मुख्य गणक झाला. त्या काळी गणित करणाऱ्या माणसालाच कॉम्प्युटर म्हणत, यंत्राला नव्हे! हवेतून येताना प्रकाश वाकतो, त्याचा हिशेब करून उंची निघाली २९,००२ फूट. जगातलं सर्वांत उंच शिखर. १८५६ साली ही गोष्ट जाहीर झाली.

मग नावाचा प्रश्न आला. वॉ म्हणाला, याचं स्थानिक नाव आम्हाला सापडत नाही, म्हणून माझ्या गुरुस्थानी असलेल्या एव्हरेस्टसाहेबांचं नाव देऊ. गुरुभक्ती आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण खुद्द एव्हरेस्टसाहेब काय म्हणाले? ते म्हणाले, नको. माझं नाव हिंदीत किंवा फारसीत लिहिता येणार नाही, तिथल्या लोकांना उच्चारता येणार नाही. तरी १८६५ साली विलायतेच्या भूगोल संस्थेनं तेच नाव कायम केलं. आणि आज आपण उच्चारतो तसा तो माणूस स्वतःचं नाव उच्चारतही नव्हता, तो ईव्ह-रेस्ट म्हणायचा. म्हणजे ज्याला नको होतं त्याचं नाव लागलं, तेही चुकीच्या उच्चारानं. आणि ज्यानं उंची काढली त्या राधानाथबाबूंच्या नावानं त्या पर्वतावर एक दगडही ओळखला जात नाही.

पण खरंच का हो त्या शिखराला नाव नव्हतं? होतं. तिबेटातले लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याला चोमोलुंगमा म्हणत आले. १७३३ साली फ्रान्समध्ये छापलेल्या नकाशातही त्याच्याशी जुळणारं नाव आहे. चोमो म्हणजे देवी, माउली. शेर्पा लोकांची श्रद्धा अशी की, त्या शिखरावर मियोलांगसांगमा नावाची देवी राहते. ती वाघिणीवर बसते आणि न सरणारं अन्न देते. पाच बहिणींपैकी ती एक. थोरली बहीण शेजारच्या दुसऱ्या शिखरावर, आणि त्या शिखराला आपण काय म्हणतो? गौरीशंकर! आपली गौरी आणि त्यांची देवी एकाच डोंगरावर नांदतात, भांडण नाही. मधली काही वर्षं साहेबलोकांनी एव्हरेस्ट म्हणजेच गौरीशंकर असा घोळ घातला होता. १९०३ साली काठमांडूकडून मोजणी झाली तेव्हा कळलं की ही दोन वेगळी शिखरं आहेत.

नेपाळी नाव सगरमाथा. ते छापून लोकांपुढे आणलं इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी, १९३० च्या दशकाच्या शेवटी. आपण मराठी माणसं याला सागरमाथा म्हणतो आणि समुद्राचा अर्थ लावतो. तसं नाही. नेपाळीत सगर म्हणजे आकाश. आकाशात गेलेला माथा तो सगरमाथा. पण आपली चूकसुद्धा अगदीच वाया जात नाही बरं का! त्या शिखराचा वरचा खडक चुनखडीचा आहे आणि त्यात समुद्री जीवांचे अवशेष सापडतात. खाली एक पिवळसर पट्टा दिसतो, त्याला गिर्यारोहक यलो बँड म्हणजे पिवळा पट्टाच म्हणतात, तोही कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ. जो सगळ्यांत उंच बसला, तो एके काळी सगळ्यांच्या तळाशी होता. भगवंताची ही लीला ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता शिखराच्या अंगावरची नावं बघू. आजूबाजूची शिखरं आहेत ल्होत्से, नुपत्से, चांगत्से. तिबेटी भाषेत त्से म्हणजे शिखर. ल्हो दक्षिण, नुप पश्चिम, चांग उत्तर. म्हणजे दक्षिणेचं, पश्चिमेचं, उत्तरेचं. कोणाच्या दक्षिणेचं? माउलीच्या! आई मध्ये आणि लेकरं तिच्या दिशांनी ओळखली जातात. यात कुठल्याही माणसाचं नाव नाही.

मग माणसं आली. १९२१ साली मॅलरी नावाचा इंग्रज गिर्यारोहक उत्तरेकडून एका खिंडीवर चढला आणि पलीकडे डोकावला. खाली बर्फाचं मोठं खोरं, तिन्ही बाजूंनी कडे. त्यानं त्याला वेस्टर्न कूम म्हटलं. कूम हा त्याच्याकडच्या वेल्श भाषेतला खोऱ्याचा शब्द. जवळच्या एका सुबक शिखराला त्यानं शेर्पांच्या भाषेत पुमोरी म्हटलं, म्हणजे पर्वतकन्या, आणि मनात आठवण होती घरच्या लेकीची. परदेशात गेलेला बाप लेकीला डोंगरात पाहतो, हे मला आवडतं. १९५२ साली जिनिव्हाची स्विस मंडळी आली, ती दक्षिणेच्या खिंडीखालच्या एका काळ्या धारेवरून चढली, म्हणून ती धार जिनिव्हा स्पर झाली. आणि १९५३ च्या मे महिन्याच्या २९ तारखेला एडमंड हिलरी आणि तेनझिंग नोर्गे माथ्यावर पोचले. माथ्याच्या अलीकडे सुमारे चाळीस फुटांचा एक उभा खडक आडवा आला. बर्फ आणि खडक यांच्या फटीतून हिलरी वर चढला, मागोमाग तेनझिंग. त्या खडकाला लोकांनी नाव दिलं हिलरी स्टेप. हिलरीची पायरी.

पायरी म्हटलं की वारकऱ्याचं मन कुठे जातं? पंढरपुरात! विठ्ठलमंदिराच्या महाद्वारात एक पायरी आहे, नामदेवांची. तिलाही एका माणसाचं नाव आहे. या दोन पायऱ्या जरा शेजारी ठेवून बघा. हिलरीच्या पायरीला नाव पडलं, कारण तो तिच्यावरून वर गेला. नामदेवांच्या पायरीला नाव पडलं, कारण ते तिच्याखाली गेले. संतसज्जनांचे पाय आपल्या माथ्याला लागावेत म्हणून त्यांनी देवाच्या दारात जागा मागितली. त्याचा परिणाम असा की, आज त्या पायरीवर कोणी पाय ठेवत नाही, लोक डोकं ठेवतात. उलट २०१५ चा नेपाळचा भूकंप झाला आणि त्यानंतर वर जाऊन आलेले अनेक गिर्यारोहक सांगू लागले की हिलरीची पायरी पूर्वीसारखी राहिली नाही, मोठा खडक गेला. वस्तू गेली, नाव तेवढं नकाशात राहिलं.

यात हिलरीची निंदा नाही. त्यानं स्वतः ते नाव मागितलं नव्हतं. उतरल्यावर पहिला कोण, असं जग विचारत होतं तेव्हा दोघांनी ठरवून सांगितलं, आम्ही दोघे मिळून पोचलो. माथ्यावर तेनझिंगनं गोडधोडाचा नैवेद्य बर्फात पुरला. हिलरीनं पुढे शेर्पांच्या मुलांसाठी १९६१ साली खुमजुंग गावात शाळा बांधली, १९६६ साली खुंदेत इस्पितळ काढलं. माझ्या मते त्याची खरी पायरी ती. ती भूकंपानं मोडली तरी पुन्हा बांधता येते.

पण ज्यांच्या खांद्यावर बसून ही सगळी नावं वर गेली, त्यांचं काय? शेर्पांमध्ये पुष्कळदा जन्मवारावरून नाव ठेवतात. रविवारचा निमा, सोमवारचा दावा, मंगळवारचा मिंगमा, शुक्रवारचा पासांग. आपल्या खेड्यांत सोमा, मंगळ्या, बुधा असत, तसंच. १९२२ साली उत्तरेच्या बाजूला हिमकडा कोसळला आणि सात भारवाहक गेले. त्या पर्वतावर मोहिमेत गेलेली ही पहिली माणसं. २०१४ च्या एप्रिलात खुंबूच्या हिमप्रपातात सोळा नेपाळी कामकरी एका सकाळी गेले. शिड्या आणि दोर बांधून इतरांची वाट तयार करणारी ही माणसं. त्यांच्या नावाची खिंड नाही, धार नाही, पायरी नाही.

आणि एक नाव तर ऐकवत नाही, पण सांगायला हवं. उत्तरेच्या वाटेवर, सुमारे ८,५०० मीटरवर, एका कपारीत एक गोठलेला देह कित्येक वर्षं पडून होता. पायात हिरवे बूट. जाणारे येणारे त्यावरून वाट ओळखत आणि त्या जागेला म्हणत ग्रीन बूट्स, हिरवे बूट. १९९६ च्या मे महिन्यात न परतलेल्या तीन भारतीय जवानांपैकी एकाचा तो असावा, असं मानलं जातं. आपल्याकडे माणूस गेला तर नावगोत्राचा उच्चार करून तिलांजली देतात. कुणाच्या तरी लेकराचं नाव गळून पडलं आणि जोड्याचं नाव उरलं! माथा गाठायच्या घाईत माणूस माणसाकडे खुणेचा दगड म्हणून पाहू लागतो, तो हा असा.

म्हणून वाचकहो, या निरूपणातून दोन गोष्टी पदरात घ्या. आपण सप्तशृंगीला जातो, ब्रह्मगिरी चढतो, केदारनाथ, यमुनोत्री करतो. पहिली गोष्ट, देवळाच्या भिंतीवर, गडाच्या दगडावर खिळ्यानं आपलं नाव कोरू नका. एव्हरेस्टसाहेबाला आयतं मिळालेलं नावही नको वाटलं, आपण चोरून कशाला लिहावं? दुसरी गोष्ट, जो डोलीवाला, जो पिठ्ठू, जो घोडेवाला तुम्हाला वर नेतो, त्याला ए भाऊ, ए डोलीवाले म्हणून थांबू नका. त्याचं नाव विचारा. उतरेपर्यंत त्या नावानं हाक मारा. घरी आल्यावर यात्रेची गोष्ट सांगताना ते नाव घ्या. देवानं जपयज्ञ आणि हिमालय एका श्लोकात ठेवले आहेत. पर्वत चढताना नाम घ्यायचं ते देवाचं, आणि त्याच मुखानं, ज्याच्या खांद्यावर आपण आहोत त्या माणसाचं.

आपलं स्वतःचं नाव? ते पायरीखाली राहू द्या.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!