गोडाच्या वाटेने मुंबई

मुंबईचा इतिहास सांगताना गोदी, गिरण्या आणि चित्रपट हमखास येतात. बेकरीची भट्टी मात्र राहून जाते. हे शहर पहाटे जागे होते ते लादीपावाच्या वासाने, आणि इथला वाढदिवस, नाताळ, नवरोज किंवा ईद गोडाशिवाय पार पडत नाही. कोण कुठून आले, काय घेऊन आले आणि शेजाऱ्याला काय देऊन गेले, हे मिठाईच्या आणि केकच्या दुकानांत जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसते. म्हणून गोडखाऊ प्रवाशाने एकदा उपनगरातून दक्षिणेकडे निघावे. सुरुवात दिंडोशीहून करावी.

दिंडोशी म्हटले की आज बसडेपो, न्यायालय, म्हाडाच्या वसाहती आणि 2022 पासून मेट्रोचे स्थानक आठवते. पण हा सगळा भाग मूळचा साष्टी बेटाचा. 1737 ते 1739 च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेईपर्यंत इथे पोर्तुगीजांचा अंमल होता. पोर्तुगीज भाषेत रोटीला ‘पाव’च्या जवळचा शब्द आहे आणि तो शब्द, तो पदार्थ आणि तो बनवण्याची रीत कोकण किनाऱ्यावर त्यांच्याबरोबरच आली. गोव्याच्या पोदेरांनी पीठ फुगवायला ताडी वापरली. पुढे हेच गोवेकर इंग्रजांच्या मुंबईत भट्ट्या घालू लागले. भायखळ्याची अमेरिकन एक्स्प्रेस बेकरी 1908 मधली, एका गोवेकर कुटुंबाने सुरू केलेली. आज आपण वडापावातला पाव मराठी माणसाचा म्हणतो, ते योग्यच आहे. पण त्याची जन्मपत्रिका पाहिली तर त्यात अनेकांची घरे निघतात.

दिंडोशीच्या शेजारी आरे आहे. 1949 साली दुग्धविकास अधिकारी दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने तिथे दुग्ध वसाहत उभी राहिली. शहरातल्या दाटीतले म्हशींचे तबेले बाहेर न्यावेत आणि मुंबईकराला स्वच्छ दूध मिळावे, हा हेतू. 1963 मध्ये खुरोडींना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरेच्या जंगलावरून वाद होतात तेव्हा झाडांची आणि आदिवासी पाड्यांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. त्यासोबत हेही लक्षात असावे की दूध म्हणजेच मावा, आणि मावा म्हणजेच मुंबईची अर्धी मिठाई.

हा मावा केकमध्ये गेला तो इराण्यांच्या हातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला यज्द, केरमान या भागांतून माणसे मुंबईत आली. त्यांत झरथोस्ती होते, तसेच शिया मुसलमानही होते. डोंगरीजवळची निळ्या फरशांची मुघल मशीद 1860 मधली, ती इराणी व्यापाऱ्यांची खूण. या लोकांनी नाक्यानाक्यावर हॉटेले काढली. कयानी 1904 चे, मेट्रोजवळचे ससानियन 1913 चे, ग्रँट रोड स्टेशनसमोरचे बी. मेरवान 1914 चे. मेरवानच्या मावा केकसाठी सकाळीच गर्दी व्हायची आणि उशिरा येणारा रिकाम्या हाताने परतायचा. वेलचीचा वास, कागदाची वाटी आणि मऊ, तुपकट गर. युरोपची रीत, हिंदुस्थानचा मावा आणि इराण्याचा हात, अशी ही तीन ठिकाणांची सोयरीक.

नानखटाईचेही तसेच. ‘नान’ फारसी. सुरतेत सांगतात की डच लोक गेल्यावर त्यांची भट्टी एका पारशी कारागिराने चालवली आणि तिथून ही खुसखुशीत वडी जन्माला आली. कथा किती खरी यापेक्षा तिच्यातली माणसे पाहा: डच, पारशी, सुरतेचे गिऱ्हाईक आणि फारसी नाव.

आता केकचे दुकान. उपनगरातल्या कोणत्याही वस्तीत आज जी क्रीम-पेस्ट्रीची काचेची पेटी दिसते, तिच्यामागे मॉन्जिनिसचा मोठा वाटा आहे. मूळ दुकान फोर्टमधले, मॉन्जिनी नावाच्या इटालियन भावांचे, तिथले गिऱ्हाईक बहुतांश गोरे साहेब. स्वातंत्र्यानंतर ते खोराकीवाला कुटुंबाकडे आले. हे दाऊदी बोहरा कुटुंब, 1897 पासूनच्या ‘अकबरअलीज’ या दुकानामुळे मुंबईला आधीच परिचित होते. त्यांनी केक एका बड्या दुकानात न ठेवता गल्लीतल्या छोट्या दुकानदाराला विकायला दिला. त्यामुळे पूर्वी फोर्टात जाऊन घ्यावा लागणारा केक चाळीतल्या पोराच्या वाढदिवसाला आला. इटालियन नाव, बोहरा मालक, वर क्रीमने देवनागरीत ‘शुभेच्छा’, आणि कापणारा कुणीही. यात कुणालाच काही विशेष वाटले नाही, हेच विशेष.

बोहरा समाजाचा उल्लेख आला म्हणून सांगतो, त्यांच्या थाळ्यात मीठ चाखून झाले की आधी मिठास येते आणि मग खारास. म्हणजे गोड शेवटी खायचे हा नियम त्यांना लागू नाही. बोहरी मोहल्ल्यातले ताज आइस्क्रीम 1887 पासूनचे, हाताने फिरवलेल्या संचातले. फळाचा मोसम असेल तसा स्वाद.

तिथून मिनारा मशिदीपर्यंत चालत जाता येते. रमजानच्या रात्री ही गल्ली पाहिली नाही तो मुंबईकर अजून अर्धाच म्हणायचा. 1936 पासूनचे सुलेमान उस्मान मिठाईवाला, अफलातून, मातीच्या पसरट वाटीतली फिरनी, मोठ्या कढईतला मालपुवा. शिवाय सांदण. कोकणी मुसलमानाच्या घरातले सांदण आणि रत्नागिरीच्या हिंदू घरातले फणसाचे सांदण यांचे कूळ एकच. तरावीहनंतर इथे येणाऱ्या गर्दीत निम्मे तरी रोजेदार नसतात. कुणी त्यांना विचारतही नाही.

पण या गल्लीचा इतिहास केवळ साखरेचा नाही. 9 जानेवारी 1993 रोजी, दंगलीच्या काळात, याच परिसरातल्या सुलेमान उस्मान बेकरीवर पोलिसांनी छापा घातला आणि गोळीबारात माणसे मारली गेली. आत सशस्त्र लोक असल्याचा पोलिसांचा दावा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाला पटला नाही. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात हा गोळीबार अनावश्यक आणि अतिरेकी ठरवला गेला. पुढे खटला उभा राहिला, पण वरिष्ठ अधिकाऱ्यासह काही पोलीस आरोपमुक्त झाले. ज्या शहराने बेकरीचा पाव रोज खाल्ला, त्याला बेकरीतल्या त्या माणसांचा हिशेब मागायला फारसा वेळ मिळाला नाही. मालपुव्याची छायाचित्रे काढणाऱ्यांनी एवढे तरी जाणून घ्यावे.

चॉकलेटची गोष्ट वेगळी आहे. मराठीत मुले कोणत्याही गोळीला ‘चॉकलेट’ म्हणतात आणि खऱ्या चॉकलेटला ‘कॅडबरी’. यामागे कारखान्यांचा इतिहास आहे. 1929 मध्ये विलेपार्ल्यात चौहान कुटुंबाने सुरू केलेल्या पार्लेने आधी गोळ्याच बनवल्या, बिस्किटे सुमारे दहा वर्षांनी आली. तो कारखाना 2016 मध्ये बंद झाला, आणि पार्ल्याचा तो गोड वासही गेला. वालचंद हिराचंद यांनी 1933 मध्ये मालेगावजवळ रावळगाव साखर कारखाना उभा केला. त्याच्या गोळ्या दोन पिढ्यांनी चघळल्या आणि 2024 मध्ये ती नावे रिलायन्सकडे गेली. 1948 मध्ये कॅडबरी आली. ठाण्यात आजही चौकाला कॅडबरीच म्हणतात.

परदेशी चॉकलेट मात्र दुकानातून नव्हे, बॅगेतून यायचे. सत्तरच्या दशकापासून रायगड-रत्नागिरीची मुसलमान पोरे आखाती देशांत गेली. ती सुट्टीवर येताना अत्तर, साबण आणि रंगीत कागदातल्या टॉफीचा पत्र्याचा डबा आणत. डबा उघडला की मोहल्लाभर वाटप, मग शेजारच्या पाटलांकडे आणि शाळेतल्या बाईंकडेही. रिकाम्या डब्यात आई सुईदोरा ठेवायची. कोकणातल्या कित्येक घरांना चॉकलेटची चव बापाच्या गैरहजेरीतून कळली. आज 2004 मध्ये कुलाब्यात सुरू झालेल्या थिओब्रोमासारख्या दुकानांत जगभरचे चॉकलेट मिळते, तेव्हा त्या डब्याची किंमत नव्या पिढीला कळणे कठीण आहे.

अलीकडे गोडाच्या दुकानात दोन प्रश्न वारंवार ऐकू येतात: अंडे आहे का, आणि जिलेटिन कशाचे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्याला जे वर्ज्य आहे त्याला ते टाळता आले पाहिजे आणि दुकानदाराने खरे उत्तर दिले पाहिजे. अडचण तेव्हा होते जेव्हा ‘यात काय आहे’ याऐवजी ‘हे बनवले कुणी’ असा प्रश्न विचारला जातो. पाव, मावा केक आणि नानखटाई यांना हा प्रश्न लावला तर मुंबईच्या ताटात फारसे काही उरणार नाही.

आता या भट्ट्यांसमोर नवे संकट आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. हवा सगळ्यांची आहे, आणि जुन्या फर्निचरचे भंगार लाकूड जाळल्यावर त्याचा धूर सर्वांत आधी भट्टीपुढच्या कारागिराच्याच छातीत जातो. हा कारागीर बहुधा उत्तर प्रदेशातून आलेला, रात्रभर पीठ मळणारा, भट्टीच्याच वर माळ्यावर झोपणारा. त्यामुळे आदेशाला विरोध करण्यात अर्थ नाही. पण गॅस किंवा विजेची भट्टी म्हणजे मोठा खर्च आणि दाट वस्तीत जागेची अडचण. कुरार-पठाणवाडीसारख्या वस्तीतला भाड्याच्या जागेतला छोटा बेकरीवाला हे कसे पेलणार? कर्ज, अनुदान, परवाने सोपे करणे, हे पालिकेने आणि सरकारने केले नाही, तर हवा सुधारेल, पण त्या कारागिराच्या जागी कारखान्यातला पॅकबंद पाव येईल.

म्हणून गोडखाऊ प्रवाशाने नव्या चकचकीत दुकानांत जरूर जावे, पण आपल्या गल्लीतल्या भट्टीवरही एकदा जावे. गरम पाव घ्यावा, नानखटाई घ्यावी, कारागिराचे गाव विचारावे. मुंबईच्या इतिहासातले एक प्रकरण तो अजून रोज रात्री मळतो आहे.