दांडा, दोरी आणि चाक : हातानं चालणाऱ्या घरगुती यंत्रांच्या अभ्यासाची प्रस्तावना

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना हातानं चालवायच्या यंत्रांची ओळख जुनी आहे. गोठ्याशेजारी कडबा कापायचं यंत्र, शेंगा फोडायचं यंत्र, लोहाराच्या भट्टीला वारा घालणारा पंखा, शिंप्याचं हातमशीन, हळद पॉलिश करायचं पिंप. ही सगळी माणसाच्या दंडावर चालत. घरकामात मात्र ताक रवीनं घुसळलं जाई, दळण जात्यावर होई आणि धुणं नदीच्या दगडावर. चाक आणि दातेरी चक्र दारापर्यंत आलेलं होतं, पण रोजच्या घरकामाला ते विजेच्या आधी फारसं लाभलं नाही. असं का झालं असावं, हा या अभ्यासविषयाचा मध्यवर्ती प्रश्न मी मानतो. यंत्रशास्त्र, शेतीचा इतिहास, बायकांच्या श्रमांचा इतिहास, यांपैकी कुठल्याही वाटेनं तुम्ही इथे पोचला असाल तरी तुमचं मनापासून स्वागत आहे. तिन्ही वाटांची इथे गरज पडते.

दोन जिल्हे एकत्र घेण्याचं कारण साधं आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून बनला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. कृष्णाकाठची बागायत आणि माण, खटाव, आटपाडी, जत हा कोरडा पट्टा दोन्हीकडे सलग पसरलेला आहे. घरकामाचं गणित या पाण्याच्या फरकावर फार अवलंबून असतं, ते पुढे येईलच.

सुरुवात ताकद मोजण्यापासून करावी. सुदृढ माणूस तासन्‌तास काम करताना साधारण ७५ वॉट इतकी शक्ती देऊ शकतो, म्हणजे अश्वशक्तीचा दहावा हिस्सा. नुसत्या हातांनी काम असेल तर त्याहूनही कमी. हातयंत्र ही शक्ती वाढवत नाही, वाढवूच शकत नाही. ते फक्त तिचं रूप बदलतं: सावकाश आणि जोराचं काम वेगाचं आणि हलकं करतं, किंवा उलट. म्हणून कुठलंही हातयंत्र समोर आलं की आधी हे पाहायचं की कामाला किती वेग हवा आणि हाताला कुठला वेग सोसतो. दांडा फिरवताना मिनिटाला चाळीस ते साठ फेरे माणसाला सुखाचे वाटतात. बाकीचं सारं त्याभोवती बेतावं लागतं.

आता रवी घ्या. तिच्या दांड्याला दोरीचे दोन-तीन वेढे, दांडा घुसळखांबाच्या कड्यांत अडकवलेला, खाली डेरा. दांड्याचा व्यास तीन सेंटिमीटर धरला तर त्याचा परीघ साडेनऊ सेंटिमीटरच्या आत भरतो. हातानं अर्धा मीटर दोरी ओढली की रवीचे पाच फेरे होतात. सेकंदाला एक ओढ धरली तर मिनिटाला तीनशे फेरे झाले. दांडा फिरवून हाच वेग मिळवायचा तर पाचास एक किंवा सहास एक प्रमाणाची दातेरी चक्रं लागली असती, आणि ती बिडाची, महाग, लोण्यात वंगण सांडणारी. शिवाय रवी प्रत्येक ओढीला दिशा बदलते. त्यामुळे ताक एकाच दिशेनं गरगरत राहत नाही, दर वेळी थबकतं, उसळतं आणि स्निग्धांशाच्या कणांवरचं आवरण फुटून ते एकमेकांना चिकटतात. दोरीचे हे वेढे म्हणजे उत्तम वेगवाढ यंत्रणा आहे. तिला मागासलेलं समजणाऱ्यानं आधी तिची गणितं करून पाहावीत.

पहाटे घुसळण्यामागेही भौतिकशास्त्र आहे. दही फार गरम असेल तर लोणी पातळ होऊन ताकातच राहतं, फार थंड असेल तर कण चिकटतच नाहीत. उन्हाळ्यात गार पाणी आणि थंडीत कोमट पाणी घालणाऱ्या बाईच्या हाताला थर्मामीटर लागत नव्हता. लोणी आल्याचं तिला दोरीच्या ओढीतल्या बदलावरून आणि आवाजावरून कळे. यंत्र बनवणाऱ्यांना हे ज्ञान चक्रांत बसवता येत नाही, म्हणूनच अभ्यासकानं ते लिहून ठेवायला हवं.

गोठ्याची गोष्ट वेगळी. बेळगावात १८८८ मध्ये सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या किर्लोस्कर बंधूंनी पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रेल्वे स्थानकाजवळचा माळ देऊ केला, आणि १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे किर्लोस्करवाडी वसवली. कडबा यंत्राची रचना बघण्यासारखी आहे. बिडाचं जड चाक, त्याच्या आऱ्यांवर बसवलेली पाती आणि वैरण पुढे सरकवणारे दातेरी रूळ. पातं वैरणीवरून जाताना क्षणभर जबर विरोध होतो, मग चाक पुन्हा मोकळं फिरतं. या मोकळ्या वेळात हाताची शक्ती चाकात साठते आणि कापण्याच्या क्षणी खर्च होते. ज्या कामात विरोध झटक्यानं येतो तिथे असं जड चाक फार उपयोगाचं. दिशा वारंवार बदलणाऱ्या घुसळण्याला मात्र ते अडसरच ठरलं असतं, कारण जड चाक थांबवून उलट फिरवण्यातच दंड थकला असता.

शेंगा फोडायच्या हातयंत्रात चाक नाहीच. जाळीदार अर्धगोल तळावर एक दांडा मागेपुढे हलवायचा, शेंगा रगडल्या जातात, दाणे आणि फोलपटं खाली पडतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत विकली गेलेली बरीचशी हातधुलाई यंत्रं नेमकी याच चालीची होती: पन्हाळीसारखं लाकडी भांडं, वर हलता दांडा, मध्ये कपडे. म्हणजे ही चाल आपल्याकडच्या सुताराला आणि लोहाराला परकी नव्हती.

धुलाई यंत्राचा त्याहून जवळचा नातेवाईक सांगलीच्या हळदीत सापडतो. शिजवून वाळवलेली हळकुंडं खरबरीत असतात. ती जाळीच्या किंवा भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पिंपात भरायची, आसाच्या दोन्ही टोकांना दांडे लावायचे आणि दोघांनी समोरासमोर उभं राहून फिरवायचं. हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासून साल आणि मुळ्या झडतात. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीची चकाकी आता मोटरवर फिरणाऱ्या मोठ्या ड्रमांतून येते, पण तत्त्व तेच. या पिंपाला वेगाची एक सक्त मर्यादा असते. तीन फूट व्यासाचं पिंप मिनिटाला सुमारे ४५ फेऱ्यांच्या वर गेलं की माल भिंतीला चिकटून नुसता फिरत राहतो, वरून खाली पडत नाही, घासतही नाही. आणि ४५ च्या थोडं खाली हाताचा सुखाचा वेग असतो. त्यामुळे इथे एकही दातेरी चक्र लागत नाही, दांडा थेट आसाला.

कपडे धुणाऱ्या आडव्या पिंपाला हाच नियम लागू आहे. १७६० च्या दशकात रेगन्सबुर्ग या जर्मन गावी याकोब क्रिस्टियन शेफर यांनी धुलाई यंत्राची माहिती छापली, १८५१ मध्ये अमेरिकेत जेम्स किंग यांनी हातानं फिरणाऱ्या ड्रमचं पेटंट घेतलं. अशा ड्रमची रचना हळदीच्या पिंपाहून फार निराळी नसते. ताक घुसळायला यांत्रिकदृष्ट्या चक्रं लागली असती, धुण्याला तीही नकोत. मग हळदीच्या अंगणातलं पिंप न्हाणीघराशी का आलं नाही?

एक उत्तर कपड्यात आहे. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरहून लांब सुती कापड. पिंपात फिरलं की त्याचा दोरखंड होतो आणि मळ पिळाच्या आत अडकून बसतो. वाकळ भिजली तर दोन माणसांनाही पिंप फिरवणं जड जाईल. दगडावर आपटताना मात्र कापड एका पदरात उलगडतं आणि पाणी त्याच्यातून आरपार निघतं. दुसरं उत्तर पाण्याचं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. यंत्र घरी आणायचं तर पाणी घरी आणावं लागतं, धुण्यासाठी आणि दोन-तीनदा खळबळण्यासाठी. वाई, कऱ्हाड किंवा सांगलीच्या घाटावर कपडे पाण्याकडे नेणं हे पाणी कपड्यांकडे आणण्यापेक्षा कितीतरी स्वस्त होतं. आणि आटपाडी-जतकडे दोन हंड्यांसाठी मैल चालणाऱ्या बाईला धुलाई यंत्र देऊन काहीच साधलं नसतं. नळ नसेल तर धुलाई यंत्र अपुरंच, मग ते हातावर चालो वा विजेवर.

तिसरं उत्तर पैशाचं. कडबा यंत्रानं वाचलेला वेळ हिशेबात धरला जाई, कारण वैरण वाचे आणि गडी दुसऱ्या कामाला मोकळा होई. घरातल्या बाईचा वेळ कुणी मोजतच नव्हतं, म्हणून तो वाचवायला पैसे खर्च करण्याचं कारण कुणाला दिसलं नाही. मी या तिसऱ्या उत्तराला पहिली दोन मिळून होईल तेवढं वजन देतो. केवळ यंत्राच्या रचनेतून सगळं उलगडतं असं मानणारे अभ्यासक या विषयाला निम्माच न्याय देतात.

बाईचा वेळ न मोजण्याच्या या रीतीला एक मोठा अपवाद आहे आणि तो विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावा. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. किंमत दीडशे रुपयांच्या आत, हातावर किंवा पायावर चालणारा, खेड्यातल्या घरात मावणारा, आणि बाईनं आठ तास फारसं न थकता चालवता यावा अशा त्याच्या अटी होत्या. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही या स्पर्धेसाठी चरखा तयार झाला होता. बक्षीस अखेर कुणालाच मिळालं नाही. पण बाईचा दंड, तिचे तास आणि तिचं घर या तीन गोष्टी मापं म्हणून आधी लिहून मग यंत्र मागणारा असा मसुदा त्या काळात दुर्मीळ आहे. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात घडवलेला पेटीचरखाही याच विचाराचा. त्यातलं मोठं चाक लहान चाकाला, लहान चाक चातीला फिरवतं आणि लांबरुंद चरख्याचं काम पेटीत मावतं. ताक आणि धुणं यांना अशी मागणी कधी लाभली असती तर काय घडलं असतं, याचा विचार मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही.

घरात दांडा आला तो सणासुदीच्या आणि हौसेच्या कामांत. पाटाला किंवा टेबलाला घट्ट करायचं शेवयांचं यंत्र आणि उन्हाळ्यातला आइस्क्रीमचा पॉट. लाकडी बादली, बर्फ आणि खडेमीठ, मध्ये डबा, वर काटकोनात बसवलेली दातेरी चक्रं. नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या पॉटातून पुढे आलेली ही रचना मराठी घरांत हौसेनं वापरली गेली. घोटण्याचं यंत्र घरच्यांना जमत होतं, परवडतही होतं, फक्त ते रोजच्या ताकासाठी नव्हतं.

पुढे दूधच घराबाहेर गेलं. साताऱ्याकडच्या लिंबगोव्याहून आलेल्या बाबासाहेब चितळे यांनी १९३९ मध्ये भिलवडीला डेअरी सुरू केली, किर्लोस्करवाडीच्याच रेल्वेमार्गावर. स्वीडनमध्ये गुस्ताफ द लावाल यांनी १८७८ मध्ये आणलेलं साय वेगळी करायचं यंत्र, ज्याचा हातदांड्यावर चालणारा प्रकार लहान डेअऱ्यांत पसरला, ते या बदलाचं महत्त्वाचं साधन. १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली. नंतरच्या काही दशकांत मिक्सर आणि धुलाई यंत्र शहरांतून गावांत आली आणि हातयंत्राचा घरगुती अध्याय इथे बराचसा संपला. जगात तो संपलेला नाही. तमिळनाडूत हातानं कपडे धुणाऱ्या दिव्या नावाच्या शेजारणीवरून ब्रिटिश अभियंता नव साहनी यांनी हातानं फिरणारं धुलाई यंत्र तयार केलं आणि त्याला तिचंच नाव दिलं. ते निर्वासितांच्या छावण्यांपर्यंत पोचलं आहे.

वाचायला काय घ्यावं? झिगफ्रीड गिडियन यांनी १९४८ च्या ग्रंथात धुलाई यंत्रांच्या हालचालींचा इतिहास फार डोळसपणे मांडला आहे. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की घरगुती यंत्रांनी बाईचं काम कमी होतंच असं नाही, कामाची वाटणी बदलते आणि अपेक्षा वाढतात. दोन्ही ग्रंथ युरोप-अमेरिकेचे आहेत, त्यांत ना रवी आहे ना नऊवारी. आपली सामग्री जात्यावरच्या ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हां यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. दळणाचा ठेका, जोडीदारणीचा हात, दमलेला दंड, सगळं त्यांत आहे. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून सुरू झालेलं मासिक आणि १९३० पासूनचं ‘स्त्री’ यांच्या जुन्या अंकांतल्या जाहिराती लेखांइतक्याच बारकाईनं वाचाव्यात. वस्तू बघायला पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि वर्ध्याचं, १९३८ मध्ये उघडलेलं मगन संग्रहालय आहे.

त्याहून निकडीचं काम प्रत्यक्ष गावात आहे. बिडाला भंगारात भाव मिळतो, त्यामुळे जुनी यंत्रं रोज वितळत आहेत. हळद निघून शिजते-वाळते त्या फाल्गुन-चैत्रात सांगलीच्या आसपास फिरा, तेव्हा पिंपं अंगणात काढलेली असतात. दांड्याची लांबी मोजा, चक्रांचे दात मोजा, मिनिटाला किती फेरे होतात ते घड्याळ लावून टिपा. एका माणसाला दम लागेपर्यंत किती वेळ गेला तेही लिहा. कडबा यंत्र दिसलं तर आधी त्याचं मोठं चाक आणि दांडा मूळचेच आहेत का ते तपासा, कारण मोटर जोडताना दांडा बहुधा काढून टाकतात. आणि त्याच घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंशी बसून विचारा की या घरात पहिलं चाक कुठल्या कामासाठी आलं, त्याचे पैसे कुणी दिले आणि ते फिरवायचं कुणी.