सरकत्या खणाची हकीकत

मराठीतील 'खण' हा शब्द मोठा फिरस्ता आहे. दोन तुळयांमधील जागा तो खण, म्हणून घर दोनखणी किंवा चौखणी. चोळीचे कापड तोही खण. आणि मेजाच्या पोटातून पुढे ओढावयाचा डबा, त्यालाही आपण खणच म्हणतो. संदुकीतील गुप्त कप्प्याला 'चोरखण' हे नाव आहे. कचेरीत मात्र सर्वत्र 'ड्रॉवर' चालतो, आणि आम्ही जबलपूरकर सुताराशी बोलताना 'दराज' म्हणून मोकळे होतो. ही तिन्ही नावे एका वस्तूची असली तरी तिचा इतिहास आपण सहसा विचारीत नाही. मला तो विचारावा लागला तो एका अपघाताच्या निमित्ताने.

विजयनगरमधील आमच्या भाड्याच्या बिऱ्हाडात गेल्या वर्षी खोक्यातून सुट्या फळ्यांच्या रूपाने येणारे एक चार खणांचे कपाट आले. सोबतच्या चित्रांवरून मीच ते एका रविवारी जोडले. पंधरवड्यातच आमच्या चार वर्षांच्या कन्येने खालचा खण ओढला. तो कोठेही न अडता सबंध बाहेर आला आणि तिच्या पायावर पडला. अंगठ्याचे नख गेले, एवढ्यावरच निभावले. परंतु मला धास्ती बसली ती दुसऱ्याच गोष्टीची. खण निसटला तेव्हा वरचे दोन्ही उघडेच होते, आणि सबंध कपाट क्षणभर पुढे झुकून मागे गेले होते.

ओढावयाचा खण फार पुरातन आहे. 1922 साली सापडलेल्या तुतनखामनच्या थडग्यात पटावरच्या खेळाची जी पेटी मिळाली, तिच्या पोटात सोंगट्या ठेवावयाचा सरकता खण आहे. म्हणजे तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या सुतारालाही ही युक्ती ठाऊक होती. आपल्याकडे मात्र लिहिण्याच्या व्यवसायाला खणाची गरज फारशी भासली नाही. पेशवाईतील कारकून बैठकीवर बसून लिही, आणि त्याचे कागद रुमालात बांधले जात. पुण्याचे पेशवे दफ्तर आजही रुमालांच्याच हिशेबाने ओळखले जाते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात त्यातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड प्रसिद्ध केले, ते असले रुमाल सोडसोडूनच. आमचे जबलपूरही 1781 पासून सागरच्या मराठ्यांकडे, 1798 पासून नागपूरकर भोसल्यांकडे आणि 1817 च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेले. या छत्तीस वर्षांत येथे मोडी लिहिणारा जो कोणी कारकून असेल, त्याची ही चिंताच नव्हती. रुमालाची गाठ सुटली तर कागद फार तर पसरतात; कोणाच्या पायावर काही पडत नाही.

खणांचे कपाट आपल्या किनाऱ्यावर पाहावयाचे तर गोव्यास जावे. सतराव्या शतकात पोर्तुगीजांसाठी तेथील कारागिरांनी 'कोंतादोर' नावाची कपाटे घडविली. सागवानावर शिसवी व हस्तिदंती जडावकाम, दर्शनी भागात लहानमोठे अनेक खण, आणि पायांच्या जागी पुष्कळदा नागिणींच्या आकृती! मूळ कल्पना युरोपातील, पण नागीण आपली. जुन्या गोव्याच्या बाँ जेझू चर्चच्या वस्त्रागारातही पाद्र्यांचे झगे ठेवण्याची कोरीव खणांची कपाटे आहेत. पाद्र्याचा झगा घडी न मोडता आडवा ठेवावयाचा असे, आणि त्यासाठी रुंद, उथळ खणाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

या जुन्या खणांची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांना अटकाव असे तो आत जाताना, बाहेर येताना नव्हे. खण फार आत जाऊ नये म्हणून सुतार मागे किंवा पुढच्या आडपट्टीवर एक ठोकळी ठोकी. बाहेर ओढताना तो सबंध हातात यावा, हीच अपेक्षा असे. खण घेऊन खिडकीपाशी जावे, हवे ते निवडावे, पुन्हा बसवावा. खण लाकडी पट्ट्यांवर घासत चाले, पावसाळ्यात लाकूड फुगून अडे, आणि ओढणाराला जोर लावावा लागे. तो सहजासहजी निसटत नसे याचे कारण त्याचे घर्षण. मेण किंवा साबण चोळून आपल्या आज्या जे घर्षण कमी करीत, तेच खरे म्हणजे रक्षण करीत होते.

आमच्या बदलीच्या जिण्याशी या विषयाचा संबंध येतो तो छावणीतून. जबलपूरसारख्या छावण्यांत येणारे इंग्रज अधिकारी आपले सामान सुटे करून नेत. खणांचे कपाट दोन तुकड्यांत, कोपऱ्यांना पितळी पत्रे, मुठी लाकडात बुडविलेल्या, पाय फिरवून काढता येण्याजोगे. रुरकीच्या नावाने ओळखली जाणारी घडीची खुर्ची त्याच घराण्यातील. येथे 1904 साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला, तेव्हा तोफांची चाकेही लाकडाचीच असत. लाकूडकामाचा हात या गावाला तेव्हापासूनचा आहे, आणि जुन्या मिस्त्र्यांच्या बोलण्यात त्याचा अभिमान अजून ऐकू येतो.

सुटे करून पाठविण्याची कल्पना व्यापारात आणली ती व्हिएन्नाच्या थोनेटने. त्याच्या 1859 च्या प्रसिद्ध खुर्चीचे मुख्य भाग अवघे सहा, आणि घन मीटरभर खोक्यात अशा 36 खुर्च्या मावत. पुढे 1956 साली स्वीडनच्या आयकिया कंपनीतील गिलिस लुंडग्रेन याने मोटारीत मेज मावेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि तेथून खोक्यातल्या फर्निचरचा विस्तार झाला. या कंपनीचे भारतातील पहिले दुकान हैदराबादेस 2018 मध्ये उघडले. आता लहानमोठे अनेक उत्पादक त्याच पद्धतीचा माल घरपोच पाठवितात. आपल्या कचेऱ्यांनी मधल्या काळात निराळी वाट धरली होती. गोदरेजने 1923 पासून पोलादी कपाटे काढली, आणि सरकारी फायलींचे जड खण पोलादातच वावरू लागले. ते कर्कश ओरडतात खरे. पण सहसा हातात येत नाहीत.

लाकूड गेले, भुशाची दाबलेली फळी आली. घर्षण गेले, चाके आली. खण बोटाने सरकू लागला तेव्हा अटकाव बाहेरच्या बाजूसही लागणे क्रमप्राप्त झाले. स्वस्त कपाटांत तो म्हणजे पत्र्याच्या पट्टीच्या टोकाशी दिलेला लहानसा उंचवटा. दोन्ही पट्ट्यांमधील अंतर नेमके असेल तोवरच तो काम देतो. ते अंतर राखते कोण? तर कपाटाची पाठ! ती पातळ फळी म्हणजे नुसता पडदा, असे समजून मी चार खिळ्यांवर भागविले होते. परिणामी कपाटाच्या बाजू फाकल्या, आणि खणाचे मागचे चाक उंचवट्यापाशी न थांबता कडेने निसटले. आमच्या वस्तीतील वृद्ध मिस्त्रीने खणाला हातही न लावता सांगितले, "बाबूजी, पहले इसकी पीठ सीधी करो." त्याने दोन्ही कर्ण दोरीने मोजले, बोटभर फरक निघाला. ते समान करून त्याने पाठीला वीतवीत अंतरावर खिळे मारले. मग प्रत्येक खणाच्या मागच्या फळीला आतून एकेका स्क्रूवर फिरणारी सागाची लहान पट्टी बसविली. खण घालताना ती आडवी करावयाची आणि आत हात घालून उभी करावयाची. म्हणजे ती पुढच्या आडपट्टीला अडते. जुन्या फडताळांच्या दारांना अशीच फिरती पट्टी असे.

झुकण्याचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. भरलेला खण जितका बाहेर, तितका कपाटाचा भार पुढे. दोनतीन एकदम उघडले आणि वर मूल चढले की कपाट उलथते. अमेरिकेत अशा अपघातांत लहान मुले दगावली, तेव्हा 2016 च्या जूनमध्ये आयकियाने तेथे विकलेली सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटे परत घेण्याचे जाहीर केले. डिसेंबर 2022 मध्ये तेथे कायदा झाला. त्यानुसार 1 सप्टेंबर 2023 पासून खण उघडे असताना, मुलाचे वजन पडले असताना आणि गालिच्यावर उभे असतानाही कपाट टिकते की नाही, याची चाचणी सक्तीची आहे. खोक्यातून भिंतीत ठोकावयाची पट्टी येते ती याचसाठी. माझ्याही खोक्यात होती. घरमालक भिंतीला भोक पाडू देणार नाहीत, या समजुतीने मी ती तशीच ठेवून दिली होती. बदलीच्या नोकरीतील किती जणांनी ती अशीच ठेवली असेल, ते ज्याचे त्याने पाहावे. मी घरमालकांना विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले की जाताना भोक बुजवून द्या.

पट्टी बसली. तिचे दोन जादा स्क्रू व फिरत्या पट्ट्यांचे स्क्रू ज्या पाकिटात आहेत, त्यावर कन्येने आपले नाव लिहून ठेवले आहे, आणि ते सर्वांत वरच्या खणात आहे.