संकेतस्थळांवरील संदर्भांची पारख

इंग्रजी विकिपीडियावर जुलै २००७ मध्ये ‘डिचोली संघर्ष’ या विषयावर एक दीर्घ लेख दाखल झाला. १६४०-४१ मध्ये गोव्यातील डिचोली परिसरात पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात युद्ध होऊन अखेर तह झाला, असे त्यात म्हटले होते. लेखाला तळटिपा होत्या, ग्रंथांची यादी होती. त्याच वर्षी त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जाही मिळाला. २०१२ च्या अखेरीस एका संपादकाने यादीतील ग्रंथांचा शोध घेतला, तेव्हा मुख्य आधारग्रंथ अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले. असे युद्धही कधी झाले नव्हते. लेख काढून टाकण्यात आला. पण तोवर पाच वर्षांहून अधिक काळ तो जगभर वाचला जात होता.

प्रकल्प वा शोधनिबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी या प्रकरणातून घेण्याचा धडा असा की, संदर्भ दिलेला असणे आणि संदर्भ खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रंथाचे नाव ग्रंथालयाच्या सूचीत सापडते का, ग्रंथ मिळाल्यास नमूद केलेल्या पृष्ठावर तोच मजकूर आहे का, हे स्वतः पाहावे.

दुसरी कसोटी ज्ञात माहितीशी ताडून पाहण्याची. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे या कथित युद्धाच्या वेळी ते अवघे दहा-अकरा वर्षांचे होते आणि स्वराज्याची उभारणी व्हायची होती. डिचोली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. शालेय इतिहास आठवला असता, तरी लेखाविषयी शंका यावी.

तिसरी कसोटी लेखकाची. मजकूर कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने लिहिला, हे पाहावे. मराठी विश्वकोशातील नोंदींखाली सामान्यतः लेखकाचे नाव असते. मात्र विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा असल्याने जुन्या नोंदींतील आकडेवारी आजची समजू नये. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ हे पान जोडलेले असते. कोणता बदल केव्हा झाला, हे तेथे दिसते. संकेतस्थळाचा पत्ताही काही सांगतो. ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट सरकारी यंत्रणांसाठी, तर ‘एसी डॉट इन’ शैक्षणिक संस्थांसाठी राखीव आहे. ‘डॉट ओआरजी’ मात्र कोणालाही घेता येतो.

एकच माहिती दहा ठिकाणी आढळली, म्हणून तिला दहा आधार मिळाले असे होत नाही. नऊ जणांनी एकाचीच नक्कल केलेली असू शकते. शब्दरचना आणि चुकाही सारख्या असतील, तर मूळ एकच समजावे व ते शोधावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेवरील संवादप्रणाली आज अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांची नावे लेखक व सालासह सहज तयार करून देतात. त्यामुळे डिचोलीचा धडा अधिकच महत्त्वाचा ठरतो. विकिपीडिया वा तत्सम साधन अभ्यासाचा आरंभ करण्यास उपयुक्त आहे. निबंधाच्या संदर्भसूचीत मात्र आपण स्वतः पाहिलेले साधनच नमूद करावे.